अव्याला, मंचरजींवरून

प्रिय अव्या,

गुडघा ठीक, साखर आटोक्यात. तब्येतीचं एवढंच. दिवाळीपासून तुला एक ओळ टाकली नाही, त्याच्या शिव्या फोनवर घाल.

परवा इथल्या, ब्रिटनमधल्या, हुजूर पक्षाची (कॉन्झर्व्हेटिव्ह) माणसं घरी येऊन गेली. कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहा म्हणतात. ही चहा ओतत होती आणि मला मंचरजी भावनगरी आठवला. हो, तोच. फोर्टातल्या इराण्याकडे तू त्याला फितूर म्हणालास, मी बिल न देता उठलो आणि ते पैसे तू अजून मागतोस.

पण बघ ना. मुंबईचा पारशी, 1895 साली बेथनल ग्रीनसारख्या लंडनच्या मजूरवस्तीतून हुजूर पक्षातर्फे ब्रिटिश संसदेवर निवडून येतो. त्याच निवडणुकीत दादाभाई फिन्सबरीत पडतात! मंचरजींनी पाडलं कुणाला, तर जॉर्ज हॉवेलला. गवंडीकामातून वर आलेला कामगारांचा पुढारी. आणि हा कैवारी नंतर कुरकुरतो काय, तर मुंबईच्या काळ्या परक्याने मला हाकललं! तुझ्या डाव्या पोटात दुखावं म्हणून मुद्दाम पुन्हा लिहितोय.

तुझी बाजूही आहे, नाही असं नाही. काँग्रेसवाले त्यांना 'बो-अँड-अ‍ॅग्री' म्हणून चिडवायचे: मान लववा, हो म्हणा. 1897 मध्ये 'सर'ही झाले. पण दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांसाठी आपल्याच सरकारच्या वसाहतमंत्र्यामागे, चेंबरलेनमागे, तगादा लावला तो ह्याच माणसाने. गांधी त्यांना तिथून पत्रं लिहायचे. 1900 मध्ये पुन्हा निवडून आले, 1906 च्या लिबरल लाटेत पडले.

माझं दुखणं वेगळंच. आलेल्यांनी कचऱ्याच्या डब्यांवर, पार्किंगवर माझं मत विचारलं नाही. मंदिराच्या ट्रस्टींशी ओळख आहे का, हे मात्र फिरून फिरून विचारलं. उभा राहिलो तर फोटोतला देशी चेहरा, नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी आनंदाने मान लववेल. मंचरजींना निदान चेंबरलेन तरी होता भांडायला. मी कुणाशी भांडू, डबेवाल्या खात्याशी? ही म्हणते, आधी घरातलं एक मत मिळवून दाखवा. आणि तू म्हणशील, तुला टोपी मिळाली की डोकं आपोआप वाकतं. म्हण. पण कारण सांगून म्हण, नुसतं 'फितूर' चालणार नाही.

मुक्ताचं ठरलं म्हणे, छान झालं. बिल्डरने भाडं थकवलंय का अजून? वहिनींना नमस्कार.

त्यांना शुक्रवारपर्यंत कळवायचंय, त्याआधी फोन कर. इराण्याचं बिल भेटल्यावर देतो, व्याज मागू नकोस.

तुझा,
दिग्या