मोबाईलजवळ चुकीचे तापमान दाखवणाऱ्या थर्मामीटरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष डिजिटल थर्मामीटर बदलून मिळणे व चाचणी अहवाल मिळणेबाबत.

महोदय,

काखेत लावायचा सेन्सर आणि सुमारे मीटरभर वायर असलेले आपले डिजिटल थर्मामीटर मी चार महिन्यांपूर्वी घेतले. शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या वडिलांच्या तापावर रात्रभर लक्ष ठेवता यावे, एवढाच हेतू होता. गेल्या आठवड्यात एका रात्री ३७.२ अंश सेल्सिअसवर स्थिर असलेला आकडा मी डॉक्टरांना फोन लावताच ३८.९ वर गेला. मी तोच आकडा सांगितला आणि त्यांनी तापाची गोळी द्यायला सांगितली. फोन ठेवून मी गोळी काढेपर्यंत आकडा पुन्हा ३७.२ वर आला होता, म्हणून ती दिली गेली नाही.

आपल्या मदत केंद्राला मी दोनदा विचारले, त्यांनी दोन्ही वेळा बॅटरी बदलायला सांगितले. ती बदलूनही फरक पडला नाही, तेव्हा थर्मासमधल्या कोमट पाण्यात हा सेन्सर आणि काचेचा थर्मामीटर एकत्र बुडवून पाहिले. काचेच्या थर्मामीटरवर प्रत्येक वेळी, झटकून पुन्हा बुडवल्यावर, ३८.० हाच आकडा आला. मोबाईल वायरला टेकवून फोन लावला की आपले उपकरण ३९.४ दाखवत होते, तर वायर गुंडाळून ठेवल्यावर तेच ३६.८ वर उतरले. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकला किंवा हातभर लांब ठेवला की आकडा जागेवर येत होता. वर गेलेल्या आकड्यापेक्षा हा खाली उतरलेला आकडा मला अधिक धोक्याचा वाटतो, कारण त्यात खरा ताप झाकला जातो.

कारण शोधायला फार लांब जायला नको. सेन्सरमधला तापमान ओळखणारा भाग म्हणजे थर्मिस्टर; त्याचा रोध तापमानानुसार बदलतो आणि उपकरण त्यावरील अल्प व्होल्टेज मोजते. मीटरभर वायर अँटेनासारखी मोबाईलच्या लहरी पकडते. त्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत, म्हणजे ते व्होल्टेज वाढवणाऱ्या भागापर्यंत, पोहोचल्या की तिथल्या अर्धवाहक जोडांत त्यांचे रूपांतर एका छोट्या स्थिर व्होल्टेजमध्ये होते आणि उपकरण त्यालाच तापमान समजते. वायरच्या मांडणीनुसार आकडा वर जातो किंवा खाली येतो, पण त्या त्या वेळी ही चूक एकाच दिशेने सरकलेली असल्याने सॉफ्टवेअरने कितीही वाचनांची सरासरी काढली तरी ती जात नाही. लहरी आत येण्याआधीच अडवाव्या लागतात. त्यासाठी शिल्ड केलेली (धातूच्या जाळीने झाकलेली) केबल, फेराइटचा (लहरी शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) मणी, इनपुटवर रोधक-कपॅसिटरचे फिल्टर आणि खोक्याला आतून धातूचा लेप हे जुने उपाय आहेत. आपल्या वायरच्या अर्धपारदर्शक आवरणातून दोन साध्या तारा दिसतात. शिल्ड नाही आणि प्लगजवळ फेराइटही नाही. (उपकरण उघडून पाहण्याचा मोह वॉरंटीसाठी आवरला.)

वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग) ६०६०१-१-२ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार घरगुती वापराच्या उपकरणाची ८० मेगाहर्ट्झ ते २.७ गिगाहर्ट्झदरम्यान १० व्होल्ट प्रति मीटर इतक्या क्षेत्रात चाचणी अपेक्षित आहे. जवळच्या मोबाईलसारख्या साधनांसाठी काही वारंवारितांवर ती २८ व्होल्ट प्रति मीटरपर्यंत जाते. अशी साधने ३० सेंटिमीटरच्या आत वापरू नयेत, ही सूचनाही माहितीपत्रकात द्यावी लागते. आपल्या पुस्तिकेत सेन्सर कसा पुसावा यावर अख्खे पान आहे, मोबाईलबद्दल एक ओळ नाही. ती ओळ असती तरी, रुग्णाच्या उशाशी फोन असणारच हे घरगुती उपकरण बनवणाऱ्याने गृहीत धरायला हवे.

तरी शिल्ड केबल व फिल्टर असलेले उपकरण बदलून द्यावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी, या मॉडेलचा चाचणी अहवाल मला पाठवावा आणि ते घेतलेल्या इतर ग्राहकांना लेखी इशारा द्यावा, ही विनंती. नव्या उपकरणात सिग्नलवर शंका आली की आकड्याऐवजी त्रुटीचा संदेश दिसावा. कोऱ्या पडद्यावर मी दुसरा थर्मामीटर शोधला असता, ३८.९ वर मी विश्वास ठेवला.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. तोपर्यंत हे उपकरण आम्ही बंद ठेवले आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, पाण्यातील चाचणीचे चित्रीकरण