रंगाऱ्याच्या नांदेतल्या पाण्यावर प्रयोग व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कापडरंगांचे सांडपाणी विकरांनी (एन्झाइमांनी) स्वच्छ करण्याबद्दल आपल्या विज्ञानाच्या पानावर वाचले आणि नागपुरात तांडापेठेतली आमच्या घरामागची नाली डोळ्यांसमोर आली. बाबा सूत रंगवायचे. आज कोणता रंग चढतोय हे शेजाऱ्यांना नालीवरूनच कळे. रंग धरावा म्हणून नांदेत किलोकिलोने मीठ पडे, वर सोडा. तरी सगळा रंग सुताला लागत नसे. उरलेला नालीतून नदीला. नाग काय, पिवळी काय, दोन्हींचे पाणी शेवटी कन्हानला आणि कन्हानचे वैनगंगेला.

मला बोलायचे आहे ते या मिठाबद्दल. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. विकर पाण्यात नुसते सोडले तर एका वापरात वाहून जाते, म्हणून ते कशात तरी बांधून ठेवतात. सोपी रीत अशी: सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात विकर मिसळून ते कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडायचे. भिजल्या साबुदाण्यासारखे मणी बनतात. स्वच्छ पाण्यात रंग कालवून केलेल्या प्रयोगात ते छान चालतात. नांदेच्या पाण्यात मात्र मिठातले सोडियम भरपूर. ते मण्यातल्या कॅल्शियमची जागा घेते, मणी फुगून मऊ पडतात, विकर बाहेर झिरपते. म्हणून कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानसारख्या आधाराला विकर रासायनिक बंधाने जखडणे बरे. पण तेही खऱ्या खारट पाण्यात किती फेऱ्या टिकते, हे पाहिल्याशिवाय त्याचा रंगाऱ्याला उपयोग नाही.

आणि रंग उडाला म्हणजे विष गेले असे मुळीच नाही. अ‍ॅझो रंगांत (कापडाच्या कृत्रिम रंगांचा हा एक मोठा गट) दोन नायट्रोजनांचा जोड असतो; तो तुटला की रंग जातो. पण जिवाणूंनी तो ऑक्सिजनशिवाय तोडला तर मागे अ‍ॅरोमॅटिक अमाइन नावाची संयुगे राहतात, त्यातली काही कर्करोगकारक. केंद्र सरकारने १९९७ मध्ये ७० अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली ती याच धास्तीने. लॅकेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरे ऑक्सिडीकरणाने काम करतात, त्यांची वाट वेगळी. तरी शेवटी काय उरले ते तपासायलाच हवे. निवळलेल्या पाण्यात मूग भिजवावेत आणि मोड कसे येतात ते पाहावे, एवढे तर शाळेतही जमेल.

यासाठीचा माल विदर्भातच आहे. सोयाबीनच्या सालपटात पेरॉक्सिडेज असते. धानाच्या तणसावर धिंगरी अळंबी घेतल्यावर जे तणस उरते, त्यातून लॅकेज काढता येते. गावात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, १९४२ पासूनची एलआयटी ही तंत्रज्ञान संस्था आहे. त्यांनी एखाद्या रंगाऱ्याकडे बांधलेल्या विकराने भरलेली एक नळी बसवून पावसाळा-उन्हाळा वर्षभर चालवावी आणि आलेले आकडे, बरे-वाईट सगळे, आपल्या पानावर मराठीत द्यावेत.

आमच्या मोहल्ल्यात अजून दोन-तीन घरी सूत रंगवतात. नांद रिकामी होईल त्या सकाळी पाण्याचे कॅन भरून द्यायला मी स्वतः उभी राहीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर