सहली ज्येष्ठांच्या वेगानेही आखा

परदेश सहलींना जाणाऱ्यांत तरुणांचे प्रमाण वाढल्याचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. निरीक्षण पटले, पण त्यामागे 'नव्या पिढीची हौस' हेच कारण दिले आहे, ते अपुरे वाटते. हौस आम्हालाही होती, परकीय चलन नव्हते. परकीय चलनावर कडक निर्बंध घालणाऱ्या 1973 च्या 'फेरा' कायद्याच्या काळात जेमतेम आठ डॉलर खिशात घालून विमानात बसलेले लोक आमच्या पिढीत आहेत. 2000 मध्ये त्याच्या जागी सैल 'फेमा' कायदा आला, आणि आज वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी नेण्या-पाठवण्याची मुभा आहे. आम्ही मात्र युरोप पाहिला तो भविष्यनिर्वाह निधी हाती आल्यावरच.

पंचविशीतली मुले चार दिवसांची रजा टाकून बँकॉकला जाऊन येतात, याचा मनापासून आनंद आहे. पण आता सहलीही त्यांच्याच वेगाने आखल्या जातात. युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान 30 हजार युरोंचा प्रवासविमा लागतो आणि सत्तरीनंतर त्याचा हप्ता चढतो, तो आम्ही भरतो. त्यावर पहाटे साडेपाचला बॅगा खोलीबाहेर आणि रोज नवे शहर! एका गावी निदान तीन मुक्काम असलेल्या सहली आयोजकांनी ज्येष्ठांसाठी आवर्जून काढाव्यात.

– एक ज्येष्ठ वाचक, ठाणे