आयर्लंडचं भांडण एवढं सरळ नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत उत्तर आयर्लंडवर (म्हणजे आयर्लंड बेटाचा जो तुकडा ब्रिटनकडेच राहिला त्यावर) जो लेख आलाय तो वाचला. लेख चांगलाय, मेहनत दिसते, पण त्यात "कॅथलिक म्हणजे आयरिश बाजूचे, प्रोटेस्टंट म्हणजे ब्रिटिश बाजूचे आणि दोघांची 30 वर्षं मारामारी" असं जे दोन ओळीत उरकलंय ना ते काही पटलं नाही. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, वाचायचा नाद आहे एवढंच, पण जेवढं वाचलंय त्यावरून असं वाटतं की ती फूट दोन जमातींच्या मधून जेवढी गेली तेवढीच एकेका घरातून, एकेका माणसातून पण गेली. आणि जो माणूस दोन्हीकडचा होता त्याचे हाल जास्त झाले.

एकच खून सांगतो. 22 जून 1922, लंडन. फील्ड मार्शल सर हेन्री विल्सन लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर पहिल्या महायुद्धात मेलेल्या रेल्वे कामगारांच्या स्मारकाचं अनावरण करून युनिफॉर्ममध्येच घरी आले आणि दारातच दोघांनी त्यांना गोळ्या घातल्या. मारणारे आयरिश रिपब्लिकन (ब्रिटनच्या राजाला न मानता आयर्लंडचं स्वतंत्र प्रजासत्ताक मागणारे), रेजिनाल्ड डन आणि जोसेफ ओसुलिव्हन. आता गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर), हे दोघंही जन्माने लंडनचे, दोघंही त्याच महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून लढलेले, ओसुलिव्हनचा तर एक पाय बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत गेलेला, लाकडी पायामुळे धड पळता आलं नाही आणि दोघं पकडले गेले, ऑगस्टमध्ये फाशी. आणि ज्यांना मारलं ते ब्रिटिश साम्राज्याचे कट्टर विल्सन जन्मले कुठे, तर आयर्लंडमध्ये, लाँगफर्ड काउंटीत. म्हणजे आयर्लंडसाठी खून करणारे लंडनचे आणि ब्रिटनसाठी मेलेला आयर्लंडचा! लेखातल्या दोन रकान्यांत यांना कुठे बसवायचं ते लेखकानेच सांगावं.

बरं त्याचा परिणाम काय झाला, तर लंडनने डब्लिनवर दबाव टाकला आणि सहाच दिवसांनी इंग्रजांशी लढलेला आयरिश पुढारी मायकेल कॉलिन्स याच्या नव्या आयरिश सरकारने ब्रिटिशांकडूनच तोफा उसन्या घेऊन डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या इमारतीत ठाण मांडून बसलेल्या आपल्याच जुन्या साथीदारांवर गोळे डागले. तिथून सिव्हिल वॉर. भांडण ब्रिटनबरोबरच्या 1921 च्या तहावरून, त्यात आयर्लंडच्या बऱ्याच भागाला स्वतःचं सरकार मिळत होतं पण ब्रिटनच्या राजाशी निष्ठेची शपथ होती, कॉलिन्स म्हणत होता आत्ता एवढं पदरात पाडून घ्या, पुढचं पुढे बघू, समोरचे म्हणत होते ही गद्दारी. दोन महिन्यांत कॉलिन्स पण गेला, स्वतःच्याच कॉर्क काउंटीत, आयरिश गोळीनेच. डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध झालेल्या 1916 च्या बंडानंतर इंग्रजांनी 16 जणांना मृत्युदंड दिला, ते सगळ्यांना माहीत असतं, पण या सिव्हिल वॉरमध्ये आयरिश सरकारने 70 पेक्षा जास्त आयरिश माणसांना गोळ्या घातल्या हे कोणी सांगत नाही. यात कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट कुठे आलं? दोन्हीकडे बहुतेक कॅथलिकच होते की.

आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात गेलेले साधारण 2 लाख आयरिश लोक, त्यांचं काय? जॉन रेडमंडसारखा होमरूलवाला पुढारी स्वतः सांगत होता जा, लढा, म्हणून गेले. गावातून निघताना बँड, आणि परत आले तोवर मधे 1916 होऊन गेलेलं, देशाचं मनच पालटलेलं, त्यामुळे मेडल ट्रंकेत आणि तोंड बंद. आपल्याकडे तर याचं एक प्रकरण प्रत्यक्ष घडलंय. जून 1920 मध्ये जालंधरला कनॉट रेंजर्स या आयरिश रेजिमेंटने मायदेशात ब्रिटिश करत असलेल्या अत्याचारांचा निषेध म्हणून ड्युटी नाकारली, सोलनपर्यंत ते लोण गेलं आणि सोलनच्या बंडाचा म्होरक्या जेम्स डेली याला नोव्हेंबरमध्ये डगशाईला गोळ्या घातल्या. आणि त्याच्या आदल्याच वर्षी जालियनवाला झालं तेव्हा त्याच पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर कोण, तर मायकेल ओड्वायर, टिपेररीचा, आयरिश कॅथलिक. एकाच प्रांतात हे दोन आयरिश!

आता लेखातल्या त्या 30 वर्षांवर येतो, म्हणजे 1960 च्या दशकाच्या शेवटापासून 1998 पर्यंत उत्तर आयर्लंडमध्ये चाललेल्या हिंसाचारावर. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त साधी नागरिक होती. आपल्याकडे काही जणांना आयआरएचं (आयरिश रिपब्लिकन आर्मी, रिपब्लिकनांची सशस्त्र संघटना) फार कौतुक असतं, इंग्रजांना नडले म्हणून, त्यांना सांगायचंय की साधारण 60 टक्के माणसं रिपब्लिकन गटांनी मारली. 1987 ला उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनमध्ये युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाला जमलेल्या लोकांत बॉम्ब, 11 जण गेले, यात कसला आलाय स्वातंत्र्यलढा? आणि उलट बाजूने, 30 जानेवारी 1972 ला उत्तर आयर्लंडमधल्याच डेरी शहरात ब्रिटिश पॅराट्रूपर्सनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या घालून 13 जणांना जागच्या जागी मारलं आणि ते चूक होतं हे लंडनच्या पंतप्रधानाने कबूल करायला 2010 उजाडलं. दोन्ही गोष्टी एका दमात बोलल्या की लोक विचारतात तू नक्की कोणाच्या बाजूने, हाच तर तिथला पण प्रॉब्लेम होता.

इंग्लंडमधल्या आयरिश लोकांबद्दल लेखात एक ओळ नाही, ते खटकलं. नोव्हेंबर 1974 मध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, 21 मेले, आणि तिथे वर्षानुवर्षं राहणारे, टॅक्स भरणारे आयरिश लोक एका रात्रीत संशयित झाले. आठवड्याभरात नवा दहशतवादविरोधी कायदा आला, सहा निरपराध माणसं 16 वर्षं आत सडली, 1991 ला सुटली. सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक त्या शहरात परत निघाली ती थेट 1996 ला.

म्हणून मला ही 30 वर्षांची मारामारी थांबवणाऱ्या 1998 च्या गुड फ्रायडे करारातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती एक छोटी तरतूद, जिचा लेखात उल्लेखच नाही. उत्तर आयर्लंडच्या माणसाला स्वतःला आयरिश म्हणवायचा हक्क आहे, ब्रिटिश म्हणवायचा हक्क आहे, आणि दोन्ही म्हणवायचा पण. दोन्ही! उत्तरेत 71 टक्के लोकांनी त्या कराराला हो म्हटलं. शस्त्रं, कैद्यांची सुटका, सीमा हे सगळं आहेच हो, पण हा "दोन्ही" शब्द कागदावर यायला किती माणसं जावी लागली.

सगळं गोड झालं असं पण नाही. 2011 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या ओमा गावात एका 25 वर्षांच्या कॅथलिक पोलिसाला गाडीखाली बॉम्ब लावून मारलं, मारणारे 1998 चा करार न मानणारे रिपब्लिकन. पण अंत्ययात्रेत त्याच्या शवपेटीला एकदा पोलिसांनी खांदा दिला आणि एकदा गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन या आयरिश देशी खेळांच्या संघटनेच्या पोरांनी. याच असोसिएशनमध्ये 2001 पर्यंत उत्तरेतल्या पोलिसांना सभासद होता येत नव्हतं. आणि त्या कॅथलिक चर्चमध्ये प्रार्थनेला बसले होते पीटर रॉबिन्सन, युनियनिस्टांचे (ब्रिटनबरोबरच राहू म्हणणाऱ्यांचे) नेते.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात एकदा डेरी आणि एकदा लंडनडेरी छापलंय, वाचणाऱ्याला वाटेल दोन गावं आहेत. गाव एकच आहे, फक्त आयरिश बाजूचे लोक डेरी म्हणतात आणि ब्रिटिश बाजूचे लंडनडेरी, आणि हायवेच्या पाट्यांवरचं 'लंडन' कोणीतरी अजूनही काळा रंग मारून खोडतं.

आपला,
एक नियमित वाचक