वारंवार गर्भपात : तपासणी दोघांचीही व्हावी

महोदय,

चोपड्याकडच्या एका डोहाळजेवणात, तीनदा गर्भपात झालेल्या सुनेला ओटी भरायला पुढे येऊ दिलं नाही. ‘पायगुण’ म्हणे! नवस, उपास, भगत सगळं झालं, पण नवऱ्याचं रक्त एकदाही तपासलं नव्हतं.

पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो. बहुतेकदा तो त्या गर्भापुरताच. पस्तिशीनंतर स्त्रीबीजात तो वाढत जातो. मात्र वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभरात तीन-चार जोडप्यांत आई किंवा वडिलांच्याच दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. हे आईत अधिक आढळतं, पण वडिलांतही असतं. एकूण ऐवज पूर्ण असल्याने ती व्यक्ती ठणठणीत दिसते. बीजात मात्र कधीकधी तुकडा कमी-जास्त जातो आणि असा गर्भ बहुधा टिकत नाही. कॅरिओटाइप या रक्ततपासणीत ते कळतं. दोष निघाला तरी अशा अनेक जोडप्यांना पुढे निरोगी मूल होतं, हे घरच्यांना कुणी सांगतच नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या तपासणीसाठी आणि समुपदेशनासाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्यावा. बोलावणं दोघांनाही धाडावं, सासूबाई आल्या तर उत्तमच.

– एक वाचक, अमळनेर