नारिंगी अर्थव्यवस्था आणि करारातली एक ओळ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी २०२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘नारिंगी अर्थव्यवस्था’ हा शब्द आला आणि अॅनिमेशन, गेमिंग, कॉमिक्स या विषयांवरच्या बातम्यांना उधाण आले. २०३०पर्यंत या क्षेत्राला २० लाख माणसे लागणार, त्यासाठी १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभ्या राहणार. त्याआधी सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने याच क्षेत्राचे स्वतंत्र धोरण आणि २०५०पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला होता. याला विरोध करण्याचे कारण नाही. पण गाणे, पुस्तक, चित्र यांतून उभा राहणारा पैसा ते करणाऱ्याच्या खात्यात कोणत्या वाटेने जातो, हा प्रश्न या चर्चेत कुठे दिसत नाही. ही वाट कागदाची आहे आणि आपल्याकडे ती बहुधा पहिल्याच सहीपाशी संपते.

नारिंगी हा शब्द मूळचा कोलंबियाकडचा. इव्हान दुके आणि फेलिपे बुइत्रागो यांनी २०१३मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेसाठी केलेल्या मांडणीत तो आला. दुके पुढे कोलंबियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. ज्या वस्तूंचे आणि सेवांचे मोल त्यांतल्या बौद्धिक संपदेवर ठरते त्यांचे अर्थकारण, अशी त्यांची व्याख्या होती. आपण त्यातला रंग तेवढा उचलला, संपदा कोणाची हा भाग मागे राहिला.

अॅनिमेशनचेच पाहा. परदेशी मालिकेचे शॉट ठरलेल्या दराने करून देणारा स्टुडिओ आणि स्वतःचे पात्र असलेला स्टुडिओ यांचे संगणक सारखे असतात, चित्रकारही तितकेच कसबी असतात. पहिल्याला शॉट पोहोचता झाला की बिल मिळते आणि विषय संपतो. दुसऱ्याला प्रक्षेपण, दप्तरे, डबे, खेळणी, पुढचे भाग यांतून वर्षानुवर्षे पैसे येत राहतात. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड स्टुडिओने २००८मध्ये आणलेल्या ‘छोटा भीम’चे उदाहरण घरोघरी माहीत आहे. प्रयोगशाळांतून फक्त शॉट करून देणारी मुले बाहेर पडली, तर रोजगार वाढेल पण मालकी वाढणार नाही.

आता मराठीतल्या रोजच्या व्यवहाराकडे येतो. गीतकाराला निर्माता एकरकमी रक्कम देतो आणि दोन पानी कागदावर सही घेतो. त्यात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ अशी ओळ असते. गीतकाराची समजूत होते की आपण गाणे विकले, आता मागायचे काही उरले नाही. ही समजूत चुकीची आहे. कॉपीराइट कायद्यात झालेली आणि २१ जून २०१२पासून लागू असलेली दुरुस्ती सांगते की चित्रपटातल्या गीताचा शब्दकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहातला खेळ सोडून अन्य कोणत्याही वापरासाठी रॉयल्टीत हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने समान वाटा मिळाला पाहिजे. हा हक्क वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच, म्हणजे सभासदांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच, देता येतो. निर्मात्याला लिहून दिला तरी ते लिहून देणे निरर्थक ठरते. चित्रपटाबाहेरच्या ध्वनिमुद्रित गाण्यांनाही कलम १९(१०)ने असाच वाटा दिला आहे. एफएम वाहिन्यांनी हा वाटा द्यायचा की नाही यावर बराच काळ वाद चालला. मुंबई उच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. (लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांवर मात्र काही मागता येत नाही. ती सूट कलम ५२मध्येच आहे, त्यामुळे बँडवाल्यांनी निर्धास्त असावे.)

हक्क आहे, पण पैसे आपोआप येत नाहीत. आयपीआरएस शब्द आणि चाल यांचे पैसे गोळा करते. ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे आणि गायकाचे हक्क निराळे, त्यांच्या संस्थाही निराळ्या. गीतकाराने सभासद व्हावे लागते, पॅन आणि बँक खात्याचा तपशील द्यावा लागतो आणि पुढचे काम सर्वांत जास्त टाळले जाते: आपले प्रत्येक गाणे नोंदवणे. शीर्षक, शब्दकार, संगीतकार, गायक, चित्रपट किंवा अल्बम, वर्ष, हक्कधारक कंपनी आणि प्रत्येकाचा वाटा. वाट्यांची बेरीज १०० यायला हवी. शब्दकाराने ५० टक्के लिहिले आणि संगीतकाराने स्वतःच्या नावावर ६० लिहिले, तर तो दावा वादग्रस्त ठरून अडकतो. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच वाट्यांचा कागद दोघांच्या सहीने करून ठेवावा.

याहून क्षुल्लक वाटणारी आणि जास्त पैसे अडवणारी गोष्ट म्हणजे नावाचे स्पेलिंग. एकाच माणसाचे नाव एका ठिकाणी देवनागरीत, दुसरीकडे रोमन लिपीत आडनावासह, तिसरीकडे नुसते आद्याक्षर आणि टोपणनाव अशा रूपांत जाते. संगणकाच्या लेखी ही तीन माणसे. गाणे वाजल्याची नोंद येते पण ती कोणाच्याच खात्याशी जुळत नाही. ‘माउली’चे स्पेलिंग जितक्या तऱ्हांनी होते तितक्या तऱ्हांनी भक्तिगीतांची शीर्षकेही हरवतात. उपाय सोपा आहे. एकच रोमन स्पेलिंग ठरवावे, उरलेली सगळी रूपे पर्यायी नावे म्हणून नोंदवावीत आणि ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा बारा अक्षर-अंकी आयएसआरसी क्रमांक कंपनीकडून मागून घेऊन प्रत्येक गाण्यापुढे लिहावा. अभंगांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तुकोबांचे शब्द कोणाच्याच मालकीचे नाहीत, त्यामुळे तिथे शब्दकार म्हणून कोणा कंपनीचे नाव लागले असेल तर हरकत घ्यावी. नवी चाल मात्र ती बांधणाऱ्याचीच आहे.

पुस्तकांत ओळ वेगळी, गोम तीच. ‘१० टक्के रॉयल्टी’ हे शब्द वाचून लेखक सही करतो. दहा टक्के कशाचे, हे पुढच्या ओळीत असते. समजा पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये आहे आणि हजार प्रती विकल्या गेल्या. छापील किमतीवर १० टक्के धरले तर लेखकाला ३०,००० रुपये मिळतात. करारात ‘निव्वळ प्राप्तीवर’ असे असेल आणि विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली असेल, तर प्रतीमागे १८ रुपये, म्हणजे १८,००० रुपये. ग्रंथप्रदर्शनात किंवा घाऊक खरेदीत सूट ६० टक्क्यांवर गेली की १२ रुपये. तिन्ही ठिकाणी करारात ‘१० टक्के’च लिहिलेले असते. प्रकाशकाचेही खर्च असतात, कागद महागला आहे, हे खरे. निव्वळ प्राप्तीवर देणे गैरही नाही, पण मग टक्का १५ ते १८ असायला हवा आणि प्राप्ती कशी मोजली हे हिशेबपत्रकात दिसायला हवे. ३१ मार्चअखेरचे पत्रक ९० दिवसांत मिळावे, त्यात छापलेल्या, विकलेल्या, भेट दिलेल्या आणि शिल्लक प्रती वेगवेगळ्या असाव्यात, एवढी मागणी अवाजवी नाही.

हक्क परत मिळण्याचे कलम अलीकडे निकामी झाले आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. जुन्या करारांत ‘आवृत्ती संपून वर्षभरात पुनर्मुद्रण न झाल्यास हक्क लेखकाकडे परत’ असे असायचे. हजाराची आवृत्ती संपायची आणि ते लगेच कळायचे. आता डिजिटल छपाईवर ५० किंवा १०० प्रती मागणीनुसार निघतात. पुस्तक कागदोपत्री कधीच संपत नाही आणि दुकानात कधीच दिसत नाही. म्हणून नव्या करारात विक्रीचा आकडा घालावा: सलग १२ महिन्यांत अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाली तर हक्क परत. साध्या कादंबरीला ५० हा आकडा रास्त वाटतो, संदर्भग्रंथाला २५ ठेवावा.

करारात मुदतच लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर ते गळून पडतात. पण हे सगळे ‘करारात अन्यथा नमूद नसल्यास’. ‘कायमचे’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द छापील मसुद्यात उगाच पडलेले नसतात, ते ही कलमे बाद करण्यासाठीच असतात. ते खोडून मुदत आणि प्रदेश हाताने लिहावेत आणि दोघांनी बाजूला सह्या कराव्यात. खोडलेल्या करारावर सही करायला प्रकाशक क्वचितच नकार देतात. बहुतेकांना तो मसुदा कुठून आला हेही आठवत नसते.

२०१७मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यापासून मराठी पुस्तके ऐकणारा वर्ग तयार झाला आणि ‘इतर सर्व माध्यमे’ या तीन शब्दांची किंमत कळली. २०१२च्या दुरुस्तीनुसार करार करताना जे माध्यम व्यवहारात नव्हते, ते नावानिशी लिहिलेले नसेल तर हस्तांतरित होत नाही. तेव्हा त्यानंतरच्या करारांत श्राव्य पुस्तक, ई-पुस्तक, मालिका, चित्रपट, अन्य भाषांतील अनुवाद यांची वेगवेगळी ओळ आणि वेगवेगळा टक्का हवा. प्रकाशकाने ध्वनिमुद्रणाचा खर्च केला असेल तर त्याचा वाटा मोठा असावा. नुसता मधला दुवा असेल तर निम्म्याहून अधिक लेखकाला मिळावे. अनुवादकांनी तर हे आधी पाहावे. अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र कॉपीराइट असतो, पण पानामागे दर ठरवून काम घेताना तोही त्याच बिलात निघून जातो.

मुखपृष्ठाच्या चित्रकारांची स्थिती याहून बिकट आहे आणि तिथे कायदाच त्यांच्या बाजूने नाही. कलम १७नुसार मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या रंगचित्राचा किंवा छायाचित्राचा पहिला मालक सांगणारा असतो, उलट करार नसेल तर. लेखकाचे मौन त्याच्या फायद्याचे ठरू शकते, चित्रकाराचे मौन नेहमी तोट्याचे. बिलावरच ‘या पुस्तकाच्या मराठी आवृत्तीच्या मुखपृष्ठापुरता वापर, मूळ चित्र व अन्य सर्व हक्क चित्रकाराकडे’ असे छापून घ्यावे आणि बिल काम स्वीकारतानाच पाठवावे, नंतर नव्हे.

करांबाबत थोडक्यात. पुस्तकांच्या रॉयल्टीवर तीन लाख रुपयांपर्यंतची वजावट १९६१च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८० क्यूक्यूबीने दिली होती. आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत ती नाही. सृजनशील उद्योगांना उत्तेजन म्हणताना ही एक बाब सरकारने तपासायला हरकत नव्हती.

सरकारकडे मागणी मोठी नाही. मराठी चित्रपटाला अर्थसाहाय्य देताना निर्मात्याकडून आर्थिक कागदपत्रे घेतलीच जातात. त्यांतच गीतकार आणि संगीतकारांचे करार आणि क्यू शीट, म्हणजे चित्रपटात कोणते संगीत किती मिनिटे-सेकंद वाजते आणि ते कोणाचे याचा तक्ता, मागावा. हा तक्ता संकलकाकडच्या नोंदींवरून करता येतो, तरी तो बहुधा कुठेच पोहोचत नाही. नवलेखकांच्या पुस्तकांना अनुदान देताना साहित्य संस्कृती मंडळाने नमुना करार जोडावा. आणि त्या १५,५०० प्रयोगशाळांच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरच्या तासांबरोबर करार वाचण्याचे चार तास ठेवावेत. डिसेंबर २०२५मध्ये केंद्राच्या समितीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी प्रशिक्षणासाठी वापरलेल्या साहित्याबद्दल रॉयल्टी द्यावी अशी शिफारस केली आहे. ती प्रत्यक्षात आलीच तर पैसे नोंद असलेल्यांनाच मिळतील.

शेवटी दिवाळी अंकांविषयी, कारण १९०९पासून चालत आलेल्या या परंपरेत लेखी करार जवळजवळ नसतोच. नोकरीत नसलेल्या लेखकाची कथा मानधन देऊन छापली तरी तिचा कॉपीराइट संपादकाकडे जात नाही, कारण हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. पण पुढे तीच कथा संकलनात, संकेतस्थळावर किंवा श्राव्य रूपात आली की ‘आम्ही मानधन दिले होते’ हे उत्तर येते आणि वाद घालण्याइतका वेळ कोणाकडे नसतो. म्हणून कथा पाठवतानाच्या ईमेलमध्ये एवढी ओळ लिहावी: ‘ही कथा आपल्या यंदाच्या दिवाळी अंकात एकदा छापण्यासाठी पाठवत आहे, अन्य कोणत्याही वापरासाठी स्वतंत्र लेखी परवानगी लागेल.’

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे
(नाव व पत्ता आपल्याकडे कळवला आहे.)