ताई, तुमचे आभार मानायचे राहिले होते

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात सगळे भरभरून बोलले, मी मात्र गप्प बसले होते. चार लोकांत देवाचं नाव काढायला मला संकोच वाटतो, आणि तुमचे आभार मानायचे तर तो विषय टाळता येत नाही. लिहिताना तो संकोच जरा कमी होतो, म्हणून हे जाहीर पत्र.

महिनाअखेरीचा तो दिवस तुम्हाला आठवणारही नाही. ट्रायल बॅलन्सच्या जमा आणि नावे बाजूंत 2,700 चा फरक येत होता, साहेबांचे मेलवर मेल चालले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आकडे नाचायला लागले होते. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात. ‘होईल गं सगळं’ म्हणाला नाहीत, प्रवचन तर नाहीच. म्हणालात, “आधी श्वास सोड. घेऊ नकोस, सोड. सावकाश.” मग म्हणालात, “2,700 ला नऊने भाग जातो ना? कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असणार, बघ.” सापडलंच : 5,814 च्या जागी 8,514.

अंकांच्या अदलाबदलीने पडलेल्या फरकाला नऊने भाग जातोच, ही युक्ती हिशेबनीस मंडळींना ठाऊक असते. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात, हे डॉक्टरही सांगतील. मला कृपा वाटली ती याची, की त्या वेळी माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं.

नंतर एकदा मी विचारलं होतं, रोज लॉगिन करण्याआधी डोळे मिटून देवाकडे काय मागता? तुम्ही हसलात. “मागते कुठे? ताळेबंद आपणच जुळवायचा असतो. तो जुळेपर्यंत डोकं ठिकाणावर राहू दे, एवढंच.” मग जनाबाईचा विषय निघाला. नामदेवांच्या घरी राबणारी जनी आणि तिच्याबरोबर दळायला बसणारा विठ्ठल, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. पण “त्याने दळण बंद नाही केलं, जात्याला हात लावला,” हे पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. तेव्हापासून ‘काम कमी कर’ असं साकडं मी घातलेलं नाही.

आणखी एका गोष्टीसाठी विशेष आभार. देवाचं नाव पुढे करून अन्याय सोसायला तुम्ही कधी सांगितलं नाहीत. दोघींचं काम माझ्या एकटीवर येऊन पडलं, तेव्हा “हे त्याच्यावर सोडायचं नाही, लेखी मागायचं,” म्हणून माझा अर्ज तुम्हीच तपासलात. त्यातले सगळे ‘कृपया’ खोडून कामांची यादी आणि लागणारे तास घालायला लावलेत. भक्ती म्हणजे मुकाट मान खाली घालणं, असं मानणारी माणसं ऑफिसात कमी नाहीत. त्यांच्याशी वाद घालायला आता मला तुमचं उदाहरण पुरतं.

ताण संपलाय असं मुळीच नाही. कालच ऐन वेळी फाइल उघडेना आणि साहेब टेबलापाशी उभे. श्वास सोडला, मनात नाव घेतलं. फाइल काही उघडली नाही, बॅकअपमधून काढावी लागली. पण मी कुणावर खेकसले नाही, आणि माझ्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही, हे तुम्ही जाणता.

अर्ज मंजूर झालाय. नवी मुलगी पुढच्या आठवड्यात रुजू होतेय. तिला सुरुवातीचं समजावून द्यायला एखादा दिवस याल का? साहेबांना विचारून ठेवलंय, ते हो म्हणालेत.

तुमची,
लेखा विभागातली धाकटी सहकारी